दूरच्या माणसांशी स्वस्तात बोलण्याची घरची योजना

मुलगी पुण्याहून टेक्सासला, भाऊ राजापूरहून दुबईला, नवरा मालवणहून जहाजावर. महाराष्ट्रात आणि गोव्यात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी अशा घरांतली माणसं रात्री दर उतरण्याची वाट बघत एसटीडी-आयएसडी बूथपाशी रांग लावायची. आत शिरल्यावर अर्धं लक्ष बोलण्याकडे आणि अर्धं मीटरच्या पळत्या आकड्यांकडे असायचं. मग १ एप्रिल २००२ पासून भारतात इंटरनेटवरून फोन करायला सरकारची परवानगी मिळाली. २००३ मध्ये स्काइप आलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल सुरू झाले.

आज साताऱ्यातल्या आईला सिडनीतल्या मुलाशी तासभर बोलायला वेगळा पैसा मोजावा लागत नाही. तरीही अनेक घरांत ऐन वेळी कॉल लागत नाही, दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, आजीला कॉल कसा घ्यायचा ते उमगत नाही आणि खोटा पोलीस व्हिडिओवर येऊन आयुष्याची पुंजी लुटून नेतो. या अडचणी नवं ॲप घेऊन सुटत नाहीत. घरच्यांनी एकदा एकत्र बसून चार गोष्टी ठरवल्या की सुटतात: कशावरून बोलायचं, ते बंद पडलं तर कशावरून, किती वाजता, आणि पलीकडे खरोखर आपलंच माणूस आहे हे ओळखायचं कसं.

पैसे नेमके कुठे वाचतात

देशातल्या देशात नुसतं बोलायचं असेल तर इंटरनेट कॉलने फारसं काही वाचत नाही. बहुतेक रिचार्जमध्ये भारतभरचे साधे कॉल अमर्याद असतात. नाशिकहून नागपूरला बोलायला साधा फोनच बरा. तो इंटरनेट नसतानाही लागतो आणि समोरच्याकडे स्मार्टफोन असावा लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन साधा बटणांचा असेल तर त्यांच्यासाठी डेटाचा पॅक विकत घ्यायचं कारण नाही. भारताचा दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर मोबाइल कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक ठेवावे लागतात. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून तसा पॅक नाव घेऊन मागा.

खरी बचत होते ती परदेशी कॉलवर, व्हिडिओवर आणि अनेकांनी एकत्र बोलण्यावर. तिथे मिनिटाचा हिशेब नसतो, पण डेटाचा असतो, आणि तो दोन्ही टोकांना लागतो. शक्य असेल तेव्हा दोघांनीही वाय-फायवरून बोलावं. घरात ब्रॉडबँड असेल तर आई-वडिलांचा फोन त्याला जोडलेला आहे ना, हे एकदा तपासा. राउटर दिवाणखान्यात आणि फोन मात्र मोबाइल डेटावर, असं पुष्कळ घरांत दिसतं.

कोकणातल्या किंवा सह्याद्रीच्या कुशीतल्या घरांत रेंज नसते, पण ब्रॉडबँडची जोडणी असते. अशा घरांना फोनमधली ‘वाय-फाय कॉलिंग’ ही सोय फार उपयोगी पडते. ती सुरू केली की आपल्या नेहमीच्या नंबरवरचे साधे कॉल वाय-फायमधून येतात-जातात. ॲप लागत नाही आणि पलीकडच्याला काहीच करावं लागत नाही. आपला फोन आणि आपली कंपनी दोन्हीकडे ही सोय असली म्हणजे झालं.

कोणत्या देशात काय चालतं

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, युरोपातले बहुतेक देश, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर इथे व्हॉट्सॲप, सिग्नल, गुगल मीट, झूम असं कोणतंही साधन चालतं. दोन्हीकडे आयफोन असेल तर फेसटाइम आहेच. अँड्रॉइडवाल्यालाही आयफोनवाल्याने पाठवलेल्या दुव्यावरून ब्राउझरमधून फेसटाइमवर येता येतं.

आखातात मात्र आधी चौकशी करावी लागते. दुबई, अबू धाबी, शारजा या संयुक्त अरब अमिरातीतल्या ठिकाणी व्हॉट्सॲपवर मेसेज, फोटो आणि आवाजी निरोप जातात, पण व्हॉट्सॲप आणि फेसटाइमवरचे कॉल बंद आहेत. तिथल्या दूरसंचार नियामकाने काही ठरावीक ॲपना परवानगी दिली आहे. बोटिम, झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स ही त्यांतली काही नावं. ज्या ॲपवरून बोलायचं ते इकडच्या घरीही लागतं, हे विसरू नका. भाऊ सुट्टीवर आला की तो परत जाण्याआधीच आईच्या फोनवर ते घालून एकदा बोलून बघा. बंदी चुकवण्यासाठी आपलं ठिकाण लपवणारं व्हीपीएन वापरण्याचा सल्ला मित्रमंडळी सहज देतात, पण तिथला कायदा याबाबत कडक आहे. दोन मिनिटांच्या कॉलपायी नोकरी आणि व्हिसा पणाला लावू नका. सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१७ मध्ये इंटरनेट कॉलवरची बंदी उठवली असली तरी आखातातल्या काही देशांत निर्बंध आहेत आणि ते बदलत राहतात. तिथे आधीपासून राहणाऱ्या माणसाला विचारणं सर्वात खात्रीचं.

वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला किंवा रशियाला गेलेल्या मुलांच्या पालकांनी आणखी सावध असावं. चीनमध्ये व्हॉट्सॲप आणि गुगलच्या सेवा बंद आहेत. तिथलं वीचॅट हे ॲप भारतात जून २०२० पासून बंदीखाली आहे. रशियात ऑगस्ट २०२५ पासून व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरच्या कॉलवर निर्बंध आले. अशा ठिकाणी मूल विमानात बसण्याआधी त्याच विद्यापीठातल्या वरच्या वर्गातल्या भारतीय विद्यार्थ्यांना विचारून साधन ठरवावं. ईमेलचा पत्ता तर घरातल्या प्रत्येकाकडे लिहिलेला हवाच.

दोन ॲप आणि एक वही

एक मुख्य आणि एक राखीव, इतकी दोन साधनं प्रत्येक घराला पुरतात. मुख्य साधन बहुतेकांचं व्हॉट्सॲपच असतं, कारण ते सगळ्यांकडे आहे. राखीव म्हणून सिग्नल चांगलं. ते ना-नफा संस्थेचं आहे, त्यावर जाहिराती नाहीत. व्हॉट्सॲप आणि सिग्नल दोन्हींवरचं बोलणं फक्त त्या दोन टोकांनाच ऐकू येईल अशा रीतीने कुलूपबंद होतं. टेलिग्रामवरच्या नेहमीच्या गप्पांना तसं संरक्षण नसतं, त्यासाठी ‘सीक्रेट चॅट’ मुद्दाम सुरू करावी लागते.

राखीव साधनाचं महत्त्व स्काइपने सगळ्यांना शिकवलं. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांनी अनेक वर्षं ज्याच्यावर घरचे चेहरे पाहिले, ते स्काइप मे २०२५ मध्ये कायमचं बंद झालं. ज्यांच्याकडे नातेवाइकांचे नंबर फक्त तिथेच होते, त्यांना शोधाशोध करावी लागली असणार. म्हणून एक कागदी वही ठेवा. तिच्यात प्रत्येकाचा परदेशी नंबर, भारतीय नंबर, ईमेल, शेजारी किंवा मित्राचा एक नंबर आणि राहण्याचा पत्ता लिहा. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, ती ताजी करा.

नंबर फोनमध्ये साठवताना देशाच्या संकेतांकासह साठवा. भारतासाठी +९१ आणि पुढे दहा आकडे, मधे शून्य नको. अमेरिका +१, ब्रिटन +४४, अमिराती +९७१. आधी शून्य लावून साठवलेले नंबर परदेशी सिम घातल्यावर नीट ओळखले जात नाहीत आणि मग ‘मावशी व्हॉट्सॲपवर दिसतच नाही’ अशी तक्रार सुरू होते.

सगळ्या कुटुंबाने एकत्र भेटायचं असेल तर व्हॉट्सॲपच्या समूह कॉलमध्ये ३२ जण येऊ शकतात. झूमच्या फुकट खात्यावर एक बैठक ४० मिनिटं चालते. गुगल मीटवर तीन किंवा अधिक जण असतील तर तासाभराची मर्यादा आहे, दोघांसाठी ती अडचण नाही. गणपतीच्या आरतीला बोस्टनच्या नातवंडांना घ्यायचं असेल तर आदल्या दिवशी दुवा पाठवून ठेवा आणि आरतीआधी दहा मिनिटं कॉल सुरू करा. टाळ-झांजांच्या आवाजात सगळ्यांचे माइक चालू राहिले तर कुणालाच काही ऐकू येत नाही. एकाच घरचा माइक चालू ठेवावा, बाकीच्यांनी बंद करावा.

डेटा पुरवायचा कसा

नुसत्या आवाजाच्या कॉलला मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी डेटा लागतो. व्हिडिओला त्याच्या निदान पाच-दहा पट लागतो, चित्र स्वच्छ असेल तर त्याहून जास्त. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’खाली ‘नेटवर्क वापर’ असतो. आपल्या घरच्या कॉलांनी नेमका किती डेटा खाल्ला, तो आकडा तिथे दिसतो.

‘स्टोरेज आणि डेटा’च्या त्याच पानावर दोन उपयोगी गोष्टी आहेत. पहिली, कॉलसाठी कमी डेटा वापरण्याची सोय. ती चालू ठेवा. दुसरी, फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय. ती मोबाइल डेटासाठी बंद करा. दिवसाचा डेटा बहुधा कॉलमुळे संपतच नाही. दहा गटांतून येणाऱ्या सुप्रभातच्या चित्रांमुळे आणि फिरत्या व्हिडिओंमुळे संपतो, आणि मग संध्याकाळी मुलाचा कॉल अडकत अडकत येतो.

बोलताना आवाज तुटू लागला तर कॉल न कापता आधी व्हिडिओ बंद करून पाहा. तेवढ्यानेच बहुतेक वेळा बोलणं सुरळीत होतं. रेंज अगदीच कमी असेल तर आवाजी निरोप पाठवा. माइकचं चिन्ह दाबून वर सरकवलं की बोट धरून ठेवावं लागत नाही आणि पाच मिनिटंही निवांत बोलता येतं. नेटवर्क मिळेल तेव्हा तो निरोप जातो आणि पलीकडच्याला सवडीने ऐकता येतो. मराठीत टंकायचा कंटाळा असेल तर जीबोर्ड या कळफलकात मराठी निवडून बोलून लिहिता येतं. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी लिखित निरोप आणि ओठ नीट दिसतील असा उजेडातला व्हिडिओ ही दोन्ही साधनं मोलाची आहेत.

वेळ ठरवून घ्या

भारताचं घड्याळ वर्षभर एकच असतं, अनेक देशांचं बदलतं. अमेरिकेच्या बहुतेक भागात मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा. टेक्सासचा बहुतेक भाग साडेदहा आणि साडेअकरा, कॅलिफोर्निया साडेबारा आणि साडेतेरा. ब्रिटनमध्ये हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. लंडन आपल्या मागे साडेचार किंवा साडेपाच तास. दुबई वर्षभर दीड तास मागे, सिंगापूर वर्षभर अडीच तास पुढे. सिडनी साडेचार किंवा साडेपाच तास पुढे.

अमेरिकेसाठी आपली सकाळी आठची वेळ सोयीची. न्यूयॉर्कला तेव्हा रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा वाजलेले असतात आणि कॅलिफोर्नियाला संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. आठवड्यातला एक वार आणि एक वेळ ठरली की दोन्हीकडे मन निश्चिंत राहतं. रोजच्या ‘जेवलास का’पेक्षा आठवड्यातला एक सावकाश कॉल नात्याला जास्त पुरतो. मधल्या दिवसांसाठी एखादा फोटो, एखादा आवाजी निरोप पुरे. ठरलेल्या वेळी कॉल आला नाही तर किती वेळ वाट पाहायची आणि मग कुणाला विचारायचं, हेही आधीच बोलून ठेवा. म्हणजे उगीच रात्र जागून काढावी लागत नाही.

वडीलधाऱ्यांना फोन लावून देताना

सुट्टीत घरी आलेल्या मुलांनी आई-वडिलांना नवा फोन देऊन थांबू नये, तो त्यांच्या हाताला बसवून जावं. अक्षरं मोठी करा. नेहमीच्या दोन-तीन माणसांच्या चॅटचे शॉर्टकट फोनच्या पहिल्या पानावर आणा. त्यांचे फोटो लावा, म्हणजे नाव वाचावं लागत नाही. कॉल घ्यायचा कसा, स्पीकर कुठे, कॅमेरा उलटा झाला तर काय करायचं, हे त्यांच्याच बोटांनी चार-पाच वेळा करून घ्या. पायऱ्या मोठ्या अक्षरात मराठीत कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा. त्यांनी तेच पुन्हा विचारलं तर तितक्याच मायेने पुन्हा सांगा. आपण पाटीवर अक्षर गिरवत होतो तेव्हा त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

त्यांच्या नंबरवर आयएसडीची, म्हणजे परदेशी कॉल करण्याची सोय लागत नसेल तर बंद करून ठेवा. मग परदेशी नंबरवरून मिस्ड कॉल आला आणि त्यांनी उलट फोन केला, तरी पैसे कापले जाणार नाहीत.

परदेशी निघालेल्यांसाठी

विमानातून उतरताना भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद आहे ना, ते पाहा. ते चालू राहिलं आणि पॅक नसला तर बिल धक्का देतं. डेटासाठी तिथलं सिम किंवा ई-सिम घ्या. व्हॉट्सॲप जुन्या भारतीय नंबरवरच चालू राहू शकतं. कायमचा नवा नंबर घेतलात तर सेटिंग्जमधल्या ‘नंबर बदला’ या सोयीनेच बदला, म्हणजे गट आणि चॅट टिकतात. रोमिंगमध्ये येणाऱ्या साध्या कॉललाही पैसे पडू शकतात, तेव्हा घरच्यांना फक्त इंटरनेटवरूनच कॉल करायला सांगा.

भारतीय नंबर बंद पडू देऊ नका. बँकेचे ओटीपी त्यावर येतात. ट्रायच्या नियमाप्रमाणे ९० दिवस कसलाच वापर नसलेला प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो आणि काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. तुमच्या नावाचा नंबर परक्याच्या हाती जाण्यापेक्षा लहानसा रिचार्ज परवडतो.

जहाजावर काम करणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारातल्या सुधारणा २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्या आहेत. त्यांनुसार जहाजमालकाने शक्य तितकी इंटरनेटची सोय द्यायची असते आणि पैसे घ्यायचेच असतील तर ते वाजवी असावे लागतात. कामाच्या करारावर सही करताना आठवड्याला किती डेटा मिळेल, हे विचारून घ्या. भर समुद्रात डेटा मोजका असतो, तेव्हा लिखित आणि आवाजी निरोपांवर भर द्यावा आणि व्हिडिओ बंदरावरच्या वाय-फायसाठी ठेवावा. घरच्यांनीही त्या नंबरवर जड व्हिडिओ पाठवू नयेत.

आपलंच माणूस आहे ना?

स्वस्त कॉलच्या वाटेने चोरही घरात येतात. खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ झाल्याचं सांगतात, पण भारतीय कायद्यात तसा प्रकारच नाही. पोलीस, सीबीआय, कस्टम्स किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाही, की सुटकेसाठी पैसे मागत नाही. गणवेश, मागचं बोधचिन्ह, ‘तुमच्या मुलाला पकडलंय’ ही धमकी, काहीही असलं तरी कॉल कापा आणि मुलाला त्याच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन करा. आता आवाजाची हुबेहूब नक्कलही करता येते. म्हणून घरात एक परवलीचा शब्द ठरवा. तो कुठेही लिहून पाठवायचा नाही. पैशाची तातडीची मागणी आली की आधी तो शब्द विचारायचा.

व्हॉट्सॲपवर ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा सहा आकडी पिन आजच लावा. ‘गोपनीयता’मध्ये अनोळखी कॉल शांत ठेवण्याची सोय चालू करा. गटात कोण घालू शकतं, ते ‘माझे संपर्क’पुरतं ठेवा. कुणी सांगितलं म्हणून ओटीपी देऊ नका, कॉलवर स्क्रीन दाखवू नका, *४०१* ने सुरू होणारा क्रमांक डायल करू नका. त्याने तुमचे कॉल दुसरीकडे वळतात. चुकून केलाच असेल तर ##००२# डायल केल्यावर वळवलेले सगळे कॉल रद्द होतात. पैसे गेले तर लाज बाळगून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत गोठवण्याची शक्यता जास्त.

शेवटची सूचना जिवाची आहे. व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरून पोलीस किंवा रुग्णवाहिकेचा क्रमांक लागत नाही. संकटात साध्या फोनवरून ११२ लावा. आई-वडील एकटे राहत असतील तर त्यांच्या फोनजवळ ११२, शेजाऱ्यांचा नंबर आणि डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. परदेशातल्या मुलाला ते सर्वात आधी हाक मारतील, पण धावून येणार आहेत ते शेजारीच.

येत्या रविवारी घरच्यांना एका कॉलवर घ्या. मुख्य ॲप, राखीव ॲप, वार आणि वेळ तिथल्या तिथे ठरवून वहीत लिहा आणि परवलीचा शब्द फक्त लक्षात ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते घरातल्या तरुण माणसाने पुढाकार घेऊन करावं.